विषाला विषच म्हणूया

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे माझे गाव. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी इथे झाला. त्यामुळे बाहेरून येणारा पाहुणा आधी विनोबांचे घर विचारतो. गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची माणसे मला मात्र वेगळेच प्रश्न विचारतात. ‘‘काका, ढेकणांवर काही औषध आहे का?’’ ‘‘वाशांना वाळवी लागलीय, कुठलं औषध मारू?’’ ‘‘कणगीत घूस शिरते, जरा जालीम औषध द्या ना.’’ मी कीड नियंत्रणाचा व्यवसाय करतो. रसायनशास्त्राची पदवी, त्यावर सरकारमान्य संस्थेतले प्रशिक्षण आणि मग परवाना, अशा रीतसर वाटेने या धंद्यात आलो. पेण, रोहा, नागोठणे, अलिबाग या भागांतली घरे, गोदामे, भाताच्या गिरण्या आणि अलीकडे फार्महाऊस ही माझी कामाची ठिकाणे.

या सगळ्या प्रश्नांत एक शब्द समान आहे : औषध. उंदराचे औषध, झुरळांचे औषध, फवारणीचे औषध. खोकल्याच्या बाटलीला जो शब्द, तोच शब्द आपण विषाच्या बाटलीला लावतो. घरात ‘औषध’ म्हणून आलेली वस्तू मग औषधाच्याच फळीवर जाते. कायदा मात्र तिला सरळ विष म्हणतो. कीड नियंत्रणाच्या व्यवसायात कायद्याचे आणि सुरक्षिततेचे जे प्रश्न आहेत, त्यांतले बरेचसे या दोन शब्दांमधल्या अंतरातून उभे राहतात. आज त्याविषयी थोडे बोलणार आहे.

आधी हा कायदा आला कसा ते पाहू. १९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात माणसे जेवण करून उठताच कोसळू लागली. शंभराहून अधिक लोक दगावले. चौकशीत कारण निघाले ते असे : जहाजातून आलेल्या मालात गव्हाच्या पिठाची पोती आणि फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक, एकत्र आले होते. फॉलिडॉल गळले, पिठात मुरले आणि ते पीठ बाजारात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्या आयोगाच्या शिफारशींतून पुढे दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. आपल्याकडे कीटकनाशकांचा सगळा कारभार चालतो तो या पायावर. २००८ आणि २०२० साली नव्या कायद्याची विधेयके राज्यसभेत मांडली गेली. २०२० चे विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडेही जाऊन आले.

हा कायदा वाचायला कंटाळवाणा वाटेल, पण त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक घराने ठाऊक करून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट नोंदणीची. केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीच्या मान्यतेशिवाय कोणतेही कीटकनाशक देशात तयार करता येत नाही, आयात करता येत नाही. नोंदणी मिळते ती विशिष्ट वापरासाठी. भातावर चालते म्हणून तेच रसायन गादीवर चालेल, असा अर्थ काढता येत नाही.

दुसरी गोष्ट लेबलची. प्रत्येक डब्यावर, बाटलीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. पतंगासारखा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. लाल रंगाच्या वर कवटी आणि हाडे असतात. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा म्हणून केलेली ही योजना आहे. मात्र आपल्याकडे हिरवा रंग पाहून ‘हे नैसर्गिक दिसतंय’ असे समजणारी शिकलेली माणसे मला भेटली आहेत. हिरवा चौकोनही विषाच्याच यादीतला असतो.

तिसरी गोष्ट परवान्याची. दुसऱ्याच्या घरात पैसे घेऊन कीड नियंत्रण करणाऱ्याला परवाना लागतो. त्यासाठी कृषी शाखेची किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान शाखेची पदवी आणि किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण नियमात सांगितले आहे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूडची धान्य साठवण संस्था, हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था अशी त्या प्रशिक्षणाची ठिकाणेही नियमात नोंदली आहेत.

चौथी गोष्ट कामगाराची, आणि ती सर्वांत कमी पाळली जाते. विष हाताळणाऱ्या माणसाला संरक्षक कपडे, हातमोजे, श्वसनाचा मुखवटा, प्रथमोपचाराची पेटी, विषउतारा आणि प्रशिक्षण देणे मालकावर बंधनकारक आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतली रसायने हाताळणाऱ्यांच्या रक्तातल्या कोलिनेस्टरेज या द्रव्याची दर महिन्याला तपासणी व्हावी, असेही नियम सांगतो. हे द्रव्य कमी होत गेले तर माणूस आजारी दिसण्याआधीच विष अंगात साठत असल्याचे कळते. पेणहून, रोह्याहून पनवेल आणि नवी मुंबईच्या कंपन्यांत फवारणीच्या कामाला जाणारी पुष्कळ मुले माझ्या ओळखीची आहेत. आजवर मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या एकाचीही अशी तपासणी झालेली नव्हती. बहुतेकांना मुखवटा म्हणून मिळतो तो रुमाल, तोही त्यांचा स्वतःचाच.

अशाच एका मुलाची हकिगत सांगतो. आमच्या बाजूच्या वाडीवरचा, बारावी झालेला, अंगाने काटक मुलगा. एका कंपनीत फवारणीला लागला. नाव सांगत नाही, कारण एका नावाने विषय संपत नाही. एके दिवशी बंद खिडक्यांच्या तीन खोल्यांत त्याने एकामागून एक फवारणी केली. संध्याकाळी लोकलमध्येच त्याला घाम फुटला, तोंडाला पाणी सुटू लागले, उलट्या झाल्या. सोबतच्याने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘कोणतं औषध मारत होता?’’ हे कोणालाच सांगता येईना. कंपनीच्या गोदामात मोठ्या डब्यातले रसायन सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरून मुलांना वाटले जात असे. बाटलीवर रंग नाही, कवटी नाही, नाव नाही. मुलांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘पांढरं औषध’. कंपनीचा माणूस तासाभराने फोनवर मिळाला आणि त्यानेही दोन वेगवेगळी नावे सांगितली.

डॉक्टर अनुभवी होते. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यावरून ओळखून त्यांनी ॲट्रोपिन सुरू केले आणि मुलगा वाचला. आठवडाभर रुग्णालयात होता. पण विचार करा, लक्षणे इतकी स्पष्ट नसती तर? प्रत्येक विषाचा उतारा वेगळा असतो. ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिन, उंदरासाठीच्या ब्रोमॅडिओलोनला ‘के’ जीवनसत्त्व, आणि काही विषांना उताराच नसतो. डॉक्टरांचा मौल्यवान वेळ वाचवणारा कागद बाटलीला चिकटवलेला असतो. सुटे विष विकताना, वाटताना आपण पहिल्यांदा तोच फेकून देतो.

आता कायद्याच्या ज्या कलमाविषयी फारसे बोलले जात नाही, ते सांगतो. या कायद्याचे ३८ वे कलम म्हणते की, कोणी स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कीटकनाशक वापरले तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. हेतू समजण्यासारखा आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या आणि गृहिणीच्या मागे निरीक्षक लावता येणार नाही. पण याचा व्यवहारातला अर्थ असा की, सरकारची राखण आपल्या उंबरठ्याशी थांबते. दुकानापर्यंत कायदा आहे, परवानाधारकापर्यंत कायदा आहे. एकदा वस्तू घरात आली की पुढची सगळी जबाबदारी घरातल्या माणसाची. त्या घराला माहिती नसेल, तर तिथे संरक्षण म्हणून काहीच उरत नाही.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे धान्यात ठेवायच्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे त्यांचे नाव. हवेतल्या दमटपणाशी संयोग होताच त्यातून फॉस्फिन हा वायू सुटतो. गोदामातल्या हजारो पोत्यांतली कीड मारायला हा वायू फार कामाचा आहे. पण वापरायचा कसा, तर ताडपत्रीखाली हवाबंद करून, वायू मोजण्याचे यंत्र जवळ ठेवून आणि माणसांची वस्ती दूर ठेवून. म्हणूनच सरकारी यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली परवानाधारकाने त्या वापरायच्या, असा दंडक आहे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या घरोघर पोहोचत होत्या, त्यांच्यावर २००१ मध्ये पूर्ण बंदी आली. तरीही या गोळ्या सुट्या मिळत असल्याच्या आणि त्यांनी माणसे गेल्याच्या बातम्या येत राहिल्या.

थोडे गणित करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम फॉस्फिन निघतो. तो सगळा त्या बंद खोलीत साठला तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे २५ भाग होते. कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची मर्यादा आहे ०.३ भाग. म्हणजे एकाच गोळीने मर्यादेच्या ऐंशीपट! आता आपली कोकणातली घरे डोळ्यांसमोर आणा. भाताची कणगी माजघरात किंवा डोक्यावरच्या माळ्यावर. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद. हवा इतकी दमट की मीठ पाझरते. त्याच माजघरात मुले झोपतात. वायू दाराच्या फटीतून, माळ्याच्या फळ्यांतून, चाळीच्या सामाईक भिंतीच्या भेगेतून पलीकडे जातो. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येईल म्हणून त्यावर विसंबता येत नाही, कारण शुद्ध फॉस्फिनला वास नसतो. आणि याला विषउतारा नाही. म्हणून माझे स्पष्ट सांगणे आहे : राहत्या घरात ही गोळी नको. धान्यासाठी नको आणि ढेकणांसाठी तर मुळीच नको. कोणी परवानाधारक म्हणवणारा माणूस राहत्या खोलीत ती ठेवू लागला, तर त्याला तिथूनच परत पाठवा.

कायद्याची चाल किती संथ असते, तेही पाहण्यासारखे आहे. १९५८ मध्ये ज्या पॅराथिऑनने माणसे मारली, त्याचे जवळचे भावंड मिथाइल पॅराथिऑन. त्याची भुकटी ‘फॉलिडॉल पावडर’ या नावाने खेड्यापाड्यांत सर्रास वापरली गेली. तिच्यावर देशभर बंदी आली २०१८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पहिल्या दुर्घटनेनंतर साठ वर्षांनी. त्याच आदेशात एकूण १८ कीटकनाशके होती. आपल्या भातशेतीत ‘थिमेट’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हाताने फेकले गेलेले फोरेट आणि घराघरांत झुरळांवर मारले गेलेले डायक्लोरव्हॉस ही दोन्ही त्यातच. या दोघांवरची बंदी २०२० च्या अखेरपासून लागू झाली. भोपाळच्या कारखान्यात जे कार्बारिल तयार होत असे, तेही याच यादीत होते. भोपाळची ती रात्र १९८४ ची.

मोनोक्रोटोफॉसची कथा अशीच. भाजीपाल्यावर वापरायला त्याला २००५ मध्ये मनाई झाली. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमधल्या छपरा भागातल्या शाळेत माध्यान्ह भोजनातून ते मुलांच्या पोटात गेले आणि २३ मुले दगावली. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. तेव्हा राज्य सरकारने पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर बंदी घातली. किती दिवस? ६०. अनेकांना वाटले, सरकारने हात आखडता घेतला. खरे कारण कायद्यात आहे. २७ व्या कलमानुसार राज्याला अशी बंदी ६० दिवसांपुरतीच घालता येते आणि फार तर आणखी ३० दिवस वाढवता येते. कायमची बंदी घालणे केंद्राच्या हातात. ज्या राज्यात माणसे मरतात त्याच्या हाती तीन महिन्यांचाच अधिकार. मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राचा बंदी आदेश निघाला तो २०२३ मध्ये.

यवतमाळची माणसे शेतातली आणि माझा धंदा घरातला. मग मी हे का सांगतो? कारण दोन्हीकडे फवारणारा माणूस एकच आहे. तोच पाठीवरचा पंप, तोच रुमाल, तीच उघडी पावले. पावसाळ्यात तो शेतात फवारतो आणि उन्हाळ्यात शहरातल्या सोसायटीत. फरक असलाच तर इतकाच की शेतात निदान वारा असतो.

आमच्या व्यवसायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रीतसर काम करणाऱ्याला खर्च येतो. चांगला मुखवटा आणि त्याच्या बदलायच्या डब्या, मोजमापाची साधने, शिकलेला माणूस, नोंदणीकृत माल. फाटकाशी चिठ्ठी चिकटवून जाणारा मात्र निम्म्या दरात काम करतो. गिऱ्हाईक विचारते, ‘‘तो पाचशेत करतो, तुम्ही बाराशे का घेता?’’ आणि पाचशेवाला सांगतो, ‘‘मालक, एकदम हर्बल आहे, वाससुद्धा येणार नाही.’’ वास नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नाही, हे मघाशी पाहिलेच. उलट काही गिऱ्हाइकांना झणझणीत वास आल्याशिवाय काम झाल्यासारखे वाटत नाही. स्वयंपाकघरातल्या झुरळांसाठी आता फवारणीची गरज सहसा पडत नाही. बिजागरीत, फटीत गव्हाच्या दाण्याएवढा जेलचा ठिपका ठेवला की काम होते. पण ‘एवढ्याशा ठिपक्याचे पैसे?’ म्हणून नाराज होणारी माणसे आहेत. त्यांना खोली भिजलेली पाहायची असते.

तपासणीचेही तसेच. कायदा कृषी मंत्रालयाचा, निरीक्षक कृषी खात्याचे. खत, बियाणे, कीटकनाशके या सगळ्या दुकानांची तपासणी त्यांच्याकडेच. आठव्या मजल्यावरच्या सदनिकेत ढेकणांवर काय मारले, हे पाहायला कृषी अधिकारी कसा पोहोचणार? शेत आणि मालवाहतूक डोळ्यांसमोर ठेवून जन्मलेला कायदा शहरातल्या घरांपर्यंत येता येता थकतो. आणखी एक गोष्ट. कीटकनाशकाने विषबाधा झाल्याची प्रत्येक घटना कळवण्याची सक्ती राज्य सरकार २६ व्या कलमाखाली करू शकते. दवाखान्यात आलेला प्रत्येक फवारणीवाला अशा रीतीने मोजला गेला पाहिजे. आज माझ्या ओळखीचा मुलगा ‘उलट्यांचा पेशंट’ म्हणून वहीत नोंदला जातो आणि बरा होऊन घरी जातो. मोजलेच नाही, तर प्रश्न आहे हे दिसणार कसे?

हे ऐकून कोणी म्हणेल, मग ही सगळी विषे बंदच करा. तसेही मला म्हणायचे नाही. २००५ च्या २६ जुलैच्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. उंदराच्या मुतातून पसरणारा हा रोग कोकणातल्या चिखलणीच्या शेतातही येतो. मलेरियाच्या काळात आरोग्य खात्याची माणसे गावोगाव भिंतींवर डीडीटी फवारायची. पुढे हे डीडीटी आपल्याच जिल्ह्यात, रसायनीच्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात तयार होत असे. शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला. त्या फवारणीचा एक रिवाज मला आजही अनुकरणीय वाटतो. काम झाले की ती माणसे घराच्या भिंतीवर तारीख लिहून जात. कोणी, केव्हा काय केले, याची खूण घरातच राही. आजचे आम्ही चकचकीत बिल देतो, पण त्यावर रसायनाचे नाव नसते.

विषाची गरज कमी करणे हा खरा उपाय आहे आणि त्यात आपल्या जुन्या माणसांचे शहाणपण उपयोगी पडते. वाल कडकडीत उन्हात वाळवून, राखेत घोळवून ठेवले की त्यांना सहसा टोके लागत नाहीत. भात नीट वाळला, ओल उरली नाही, की निम्मी कीड तिथेच हरते. नारळाच्या खोडाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मारला की उंदीर वर चढत नाही. शेतातली धामण मारली नाही तर ती एकटी कितीतरी उंदीर संपवते. विषारी आमिष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर घुबडही जाऊ शकते. वाळवीसाठी भारतीय मानक संस्थेचे ६३१३ क्रमांकाचे मानक आहे. घर बांधतानाच जोत्याखालची माती कशी हाताळावी हे त्यात सांगितले आहे. पूर्वी त्यासाठी वापरली जाणारी ॲल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही रसायने १९९६ मध्ये बंद झाली, कारण ती मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. आजची रसायने त्या मानाने लवकर विरतात, पण विहिरीजवळ तीही नकोत. आपल्याकडचा पाऊस जोत्याजवळ ओतलेले रसायन ओहोळात नेतो. क्लोरपायरिफॉससारखे रसायन अगदी थोड्या प्रमाणातही माशांना मारते. पंप ओढ्यात धुणे, रिकाम्या डब्यातून पाणी भरणे, या सवयी म्हणूनच मोडल्या पाहिजेत. रिकामा डबा ठेचून, वस्तीपासून दूर पुरावा, असा नियम आहे. तो डबा कितीही मजबूत असला तरी त्यात लोणचे घालू नये!

शेवटी, उद्यापासून करता येईल असे काही सांगतो.

कीड नियंत्रणाचा माणूस दारात आला की त्याला चार गोष्टी विचारा. परवाना दाखवा. मूळ डबा दाखवा, सुट्या बाटलीतले आम्हाला नको. रसायनाचे नाव, प्रमाण, तारीख आणि विषउतारा बिलावर लिहून द्या. आणि किती तासांनी घरात यायचे ते सांगा. पाचवी गोष्ट विचारायची नाही, पाहायची. त्याच्या तोंडावर मुखवटा आणि हातात मोजे आहेत का? नसतील तर त्याला काम करू देऊ नका. तुम्ही तासाभराने घरात याल, तो मात्र दिवसातून पाच घरांत तेच विष श्वासात घेतो.

विषबाधेची शंका आली तर आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा. कपडे बदला, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. खोलीत गोळ्यांचा वायू असण्याची शंका असेल, तर तोंडाला रुमाल बांधून आत शिरू नका. रुमालाने फॉस्फिन अडत नाही आणि एकाला काढायला गेलेला दुसराही पडतो. दूध, तूप, लिंबू, मीठ-पाणी यांतले काही पाजू नका. उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि डबा सोबत न्या. डबा नसेल तर त्याच्या लेबलचा फोटो तरी न्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. डॉक्टरांना तिथून रात्री-अपरात्रीही सल्ला मिळतो, पण विषाचे नाव त्यांना आपणच सांगायचे असते.

आणि ग्रामसभेला एक विनंती. घरातला वापर कायद्याबाहेर असला तरी गावाला ठराव करायला कोणी अडवलेले नाही. आमच्या गावात सुटे कीटकनाशक विकले जाणार नाही, विषाच्या गोळ्या राहत्या घरात ठेवल्या जाणार नाहीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विषउतारा शिल्लक आहे की नाही याची पावसाळ्याआधी चौकशी होईल, एवढे तीन ठराव पुरेत. विनोबांच्या जन्मगावी, आमच्या गागोद्याच्या ग्रामसभेत ते मांडायचे मी ठरवले आहे. त्यांत ‘औषध’ हा शब्द कुठेही येणार नाही, तेवढी काळजी घेईन.